फर्ग्युसन : सोळा चौरस किलोमीटरांचे एक शहर

'फर्ग्युसन' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना पुणे आठवते. तेथील कॉलेज १८८५ साली सुरू झाले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव त्याला मिळाले. मी ज्या फर्ग्युसनविषयी लिहिणार आहे त्याचा पुण्याशी काही संबंध नाही. हे फर्ग्युसन अमेरिकेतील मिझुरी राज्यात, सेंट लुइस या मोठ्या शहराच्या उत्तरेला आहे. क्षेत्रफळ अवघे सोळा चौरस किलोमीटर. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेप्रमाणे १८,५२७. एवढ्या लहानशा वस्तीवर आपल्या वार्षिकांकाची पाने कशाला खर्च करायची, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझी एक चूक आधी सांगितली पाहिजे.

नागरी भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षे बर्जेसचा समकेंद्री वलयांचा सिद्धान्त शिकवत आलो. १९२५ साली शिकागो शहराच्या अभ्यासावरून बर्जेसने मांडलेला हा सिद्धान्त आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. मध्यभागी व्यापारपेठ, तिच्याभोवती मोडकळीस आलेली संक्रमणाची पट्टी, मग कामगारांची घरे, मग मध्यमवर्गीयांची आणि सर्वांत बाहेर रोज ये-जा करणाऱ्या सुखवस्तू लोकांची उपनगरे. फळ्यावर पाच वर्तुळे काढायची, नावे लिहायची, की तास संपला. नोट्समध्ये मी एक वाक्य हमखास उतरवून देत असे : 'अमेरिकेत गरीब व कृष्णवर्णीय लोक शहराच्या अंतर्भागात राहतात, तर गोरे व सुस्थितीतील लोक उपनगरांत राहतात.'

२०१४ च्या ऑगस्टमध्ये फर्ग्युसनचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी कात्रण घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे गाव सेंट लुइसचे उपनगर आहे असे येथे छापले आहे. मग आपल्या नोट्सप्रमाणे येथे गोरे लोक राहायला हवेत. पण बातमीत तर दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय आहेत असे म्हटले आहे. हे कसे?" मी "अपवाद असेल" असे म्हणून वेळ मारून नेली. उत्तर ठाऊक नव्हते, हे कबूल करायचे धैर्य त्या दिवशी झाले नाही. पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात मुलीकडे सेंट लुइसला दोन महिने राहण्याचा योग आला. तेव्हा फर्ग्युसन पाहिले, नकाशे चाळले, जनगणनेचे आकडे उतरवून घेतले. तो विद्यार्थी आता खानापूर तालुक्यात हायस्कूलवर शिक्षक आहे. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

स्थान, भूरचना व हवामान

अमेरिकेचा नकाशा उघडला तर मिसिसिपी नदी देशाला उत्तर-दक्षिण चिरत गेलेली दिसते. वायव्येकडून येणारी मिझुरी नदी तिला जेथे मिळते, त्या संगमाच्या थोडे खाली मिसिसिपीच्या पश्चिम तीरावर सेंट लुइस वसले आहे. या दोन नद्यांच्या मधल्या बेचक्यात, सेंट लुइसच्या उत्तरेला जो उपनगरांचा पट्टा पसरला आहे त्याला तेथे 'नॉर्थ काउंटी' म्हणतात. फर्ग्युसन या पट्ट्यात आहे. पश्चिमेला सेंट लुइसचा लँबर्ट विमानतळ, उत्तरेच्या अंगाला २७० क्रमांकाचा महामार्ग आणि दक्षिणेकडे ७० क्रमांकाचा.

भूभाग सपाटही नाही आणि डोंगराळही नाही. हलक्या लाटांसारखे उंचवटे, मध्ये ओढे, वर वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचा, म्हणजे लोएसचा थर आणि खाली चुनखडीचा दगड. मेलिन नावाचा ओढा या भागाचे पाणी मिसिसिपीकडे नेतो. अक्षांश सुमारे ३९ उत्तर. आपला बेळगाव जिल्हा सोळाच्या आसपास आहे, म्हणजे ते आपल्यापेक्षा पुष्कळच उत्तरेला. समुद्र दूर असल्यामुळे हवामान विषम आहे. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याजवळ, तर जुलैचे सत्तावीस अंशांच्या घरात. वर्षाचा पाऊस सुमारे शंभर सेंटिमीटर, पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, बाराही महिने थोडाथोडा पडतो. वसंत ऋतूत चक्री वादळांचे भय असते. २२ एप्रिल २०११ रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, असेच एक वादळ विमानतळाच्या इमारतीवरून फर्ग्युसनमध्ये शिरले. घरांची छपरे उडाली, पण सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही.

गावाचा जन्म रेल्वेमुळे झाला. १८५५ साली विल्यम फर्ग्युसन नावाच्या जमीनमालकाने दहा एकर जागा रेल्वे कंपनीला दिली आणि त्या बदल्यात तेथे स्टेशन मागून घेतले. स्टेशनभोवती घरे आली, दुकाने आली आणि १८९४ मध्ये रीतसर शहराचा दर्जा मिळाला. जुन्या स्टेशनाची इमारत अजून उभी आहे. तेथे उभे राहिले की टिळकवाडीच्या रेल्वे गेटांची आठवण होते. रुळांनी येथेही गावाचे दोन भाग केले आहेत.

'शहर' म्हणजे काय?

अठरा हजार वस्तीला शहर म्हणायचे, हे आपल्याला चमत्कारिक वाटते. परंतु आपल्या जनगणनेचा नियम पाहिला तर तसे वाटायला नको. ज्या वस्तीत किमान ५,००० लोक आहेत, पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील कामांत आहेत आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे, तिला आपण 'जनगणना नगर' म्हणतो, मग तेथे कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी. फर्ग्युसनची घनता सुमारे साडेअकराशे येते. आपल्या कसोटीवरही ते नगरच ठरते.

अमेरिकेत मात्र शहर ठरते ते कायद्याने. एखाद्या भागातील रहिवासी राज्याच्या कायद्याप्रमाणे सनद मिळवून आपली स्वतंत्र नगरपालिका स्थापन करू शकतात. मग लोकसंख्या वीस हजार असो वा दोनशे. सनद मिळाली की त्या वस्तीला आपला नगराध्यक्ष, आपले नगरसेवक, आपले पोलीस, आपले न्यायालय आणि आपला कर मिळतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्या जागेवर कसली घरे बांधायची हे ठरवण्याचा अधिकार मिळतो. शाळांचा कारभार मात्र वेगळ्या मंडळाकडे असतो आणि त्याच्या सीमा शहराच्या सीमांशी जुळतीलच असे नाही.

सेंट लुइसच्या बाबतीत या पद्धतीला एका ऐतिहासिक निर्णयाची जोड मिळाली. १८७६ साली सेंट लुइस शहर आपल्या काउंटीपासून, म्हणजे जिल्ह्यापासून, वेगळे झाले. शहर श्रीमंत होते, भोवतालच्या खेड्यांचा खर्च आपण का सोसावा, असा विचार शहरवासीयांनी केला. आपल्या सीमा त्यांनी कायमच्या आखून घेतल्या. त्या वेळी त्या सीमा प्रशस्त वाटल्या. परंतु पुढे शहर वाढले, रेषेबाहेर सांडले आणि बाहेरची वाढ शहरात सामील करून घेण्याचा मार्ग बंद झालेला होता. बाहेरच्या काउंटीत एकामागून एक छोट्या नगरपालिका उगवल्या. आज दहा लाख वस्तीच्या त्या काउंटीत नव्वदीच्या घरात नगरपालिका आहेत आणि तरीही जवळजवळ एक-तृतीयांश लोक कोणत्याच नगरपालिकेत मोडत नाहीत.

मी मुलीच्या गाडीतून विद्यापीठाकडून फर्ग्युसनकडे जात होतो. रस्ता एकच, दोहो बाजूंची घरेही सारखीच. पण दर काही मिनिटांनी नवी पाटी : येथे अमुक शहराची हद्द सुरू. मुलगी म्हणाली, "बाबा, या पाट्या आल्या की सगळे गाडीचा वेग कमी करतात. दर शहराचे पोलीस वेगळे, दंड वेगळे." त्या क्षणी मला ते गमतीचे वाटले. त्यात गंमत नव्हती, हे पुढे कळले.

लोकसंख्येचा आलेख

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकेत जनगणना शून्याने संपणाऱ्या वर्षी होते. फर्ग्युसनची लोकसंख्या, शंभराच्या जवळपास पूर्ण करून, अशी आहे :

१९०० — १,०००
१९२० — १,९००
१९४० — ५,७००
१९५० — ११,६००
१९६० — २२,१००
१९७० — २८,८००
१९८० — २४,७००
१९९० — २२,३००
२००० — २२,४००
२०१० — २१,२००
२०२० — १८,५००

विद्यार्थी मित्रांनी हा आलेख कागदावर काढून पाहावा. १९४० पर्यंत रेषा हळूहळू चढते, मग तीस वर्षांत उभी चढते, १९७० ला शिखर गाठते आणि नंतर घसरणीला लागते. चढ का आला हे सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, लग्ने झाली, घरे हवी होती. सरकारने घरकर्जाला हमी दिली, महामार्ग बांधले आणि विमानतळाजवळच्या मॅकडोनेल विमान कारखान्यासारख्या उद्योगांनी नोकऱ्या दिल्या. फर्ग्युसनमध्येच एमर्सन या विद्युत-उपकरणांच्या कंपनीचे मुख्यालय अनेक दशके होते. पुढे अंगण, मागे परस, एक मजली बैठी घरे रांगेने उभी राहिली.

याच काळात मूळ सेंट लुइस शहर रिकामे होत गेले. १९५० साली तेथे ८,५६,७९६ लोक होते. २०२० साली ३,०१,५७८ उरले. म्हणजे सत्तर वर्षांत जवळजवळ दोन-तृतीयांश लोक गेले. लढाई नाही, दुष्काळ नाही, आणि तरी शहर ओस पडते, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन खरे वाटत नाही. आपल्याकडे शहरे नुसती फुगताना पाहायची सवय.

पण फर्ग्युसनच्या एकूण आकड्यांत खरी गोष्ट दडलेली राहते. १९८० ते २०१० या तीस वर्षांत एकूण लोकसंख्या साडेतीन हजारांनी घटली, एवढेच आपण म्हणू. आता तोच तक्ता वर्णानुसार फोडून पाहा. कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९७० साली एक टक्का होते. १९८० मध्ये चौदा, १९९० मध्ये पंचवीस, २००० मध्ये बावन्न आणि २०१० मध्ये सदुसष्ट टक्के झाले. टक्क्यांचे माणसांत रूपांतर केले तर चाळीस वर्षांत गोऱ्या रहिवाशांची संख्या अठ्ठावीस हजारांवरून सहा हजारांवर आली आणि कृष्णवर्णीयांची तीनशेच्या आतून चौदा हजारांवर गेली. घरे तीच, रस्ते तेच, पाट्या त्याच. आतली माणसे जवळजवळ पूर्ण बदलली. तात्पर्य, एकूण आकडा खोटा नसतो, पण तो अर्धेच बोलतो.

माझ्या नोट्समधील ते वाक्य १९६० सालच्या फर्ग्युसनला लागू होते. मी ते २०१४ साली उतरवून देत होतो.

माणसे का हलली?

लोक आपल्या इच्छेने जेथे परवडेल तेथे राहतात, असे आपण गृहीत धरतो. सेंट लुइसचा इतिहास तसा नाही. १९१६ साली तेथील मतदारांनी कौल देऊन एक कायदा संमत केला. एखाद्या गल्लीत ज्या वर्णाचे लोक बहुसंख्य आहेत, तेथे दुसऱ्या वर्णाच्या माणसाने राहायला जायचे नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका शहराच्या खटल्यात असे कायदे रद्द ठरवले. मग सेंट लुइसमध्ये खाजगी करारांचा मार्ग निघाला. घराच्या खरेदीखतातच अट घालायची, की हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने सेंट लुइसमध्ये अशा अटीचे घर घेतले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४८ साली निर्णय झाला, की अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत.

कायदा बदलला, पण रीत लगेच बदलली नाही. १९३४ पासून घरकर्जाला हमी देणारे सरकारी खातेच मिश्र वस्तीला धोका मानत असे. परिणामी नवी उपनगरे गोऱ्यांसाठी बांधली गेली आणि कृष्णवर्णीय कुटुंबे शहराच्या जुन्या भागात कोंडली गेली. १९६८ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या संसदेने घरविक्रीतील व भाड्यातील भेदभावाला बंदी करणारा कायदा केला. आणि याच नॉर्थ काउंटीतील एका वसाहतीत घर नाकारल्या गेलेल्या जोन्स या गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी विक्रेत्यालाही वर्णभेद करता येणार नाही, असा निकाल दिला.

फर्ग्युसनच्या पश्चिमेला किनलॉक नावाचे गाव लागूनच आहे. ते कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र गाव, १९४८ पासून त्याला स्वतःची नगरपालिका. दोन गावांना जोडणारा मुख्य रस्ता फर्ग्युसनच्या बाजूने साखळी व बांधकामाचे सामान टाकून अडवलेला होता. दुसरा एक रस्ता दिवसा खुला असे, कारण किनलॉकच्या बायका फर्ग्युसनमध्ये धुणीभांडी आणि मुले सांभाळण्याच्या कामाला येत. ही स्थिती १९६० नंतरच्या दशकापर्यंत होती. ती जागा पाहायला मी मुद्दाम गेलो. आता तेथे साखळी नाही. पण पलीकडचे किनलॉकही फारसे उरलेले नाही. विमानतळाच्या विस्तारासाठी १९८० नंतर तेथील घरे विकत घेण्यात आली. १९८० साली साडेचार हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०१० साली २९८ झाली. रस्ते आहेत, पदपथ आहेत, दोहो बाजूंना झाडी माजली आहे. तेथून उठलेल्या कुटुंबांपैकी कित्येक शेजारच्या उपनगरांत भाड्याने राहायला गेली.

फर्ग्युसनच्या थोडे ईशान्येला ब्लॅक जॅक नावाचे शहर आहे. तेथे १९७० साली सर्व वर्णांच्या लोकांसाठी सरकारी मदतीने इमारती बांधण्याची योजना निघाली. तेव्हा रहिवाशांनी घाईने नगरपालिकेची सनद मिळवली आणि नवी नगरपालिका होताच अशा इमारतींना बंदी करणारा नियम केला. १९७४ मध्ये न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. 'शहर' होण्याचा अधिकार कशासाठी वापरता येतो, याचे एवढे उघड उदाहरण दुसरे सापडणार नाही.

याप्रमाणे एकीकडे शहरातील जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या, तर दुसरीकडे जवळच्या उपनगरांची दारे हळूहळू उघडत होती. कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबे चांगल्या शाळा व परसदार शोधत फर्ग्युसनला आली. कोणत्याही बापाने मुलांसाठी केले असते तेच त्यांनी केले. ती येऊ लागली तशी गोरी कुटुंबे घरे विकून आणखी पश्चिमेला, मिझुरी नदीपलीकडे सेंट चार्ल्स काउंटीत गेली. त्या काउंटीची लोकसंख्या १९६० साली सुमारे ५३ हजार होती, २०२० साली ती चार लाखांवर गेली. मागे राहिलेली घरे आता पन्नास-साठ वर्षांची झाली होती. २००८ च्या आर्थिक मंदीत अनेकांची घरे कर्जापायी गेली आणि ती विकत घेणाऱ्या कंपन्यांनी भाड्याने दिली. २०१२ च्या सुमारास फर्ग्युसनमध्ये दर चार माणसांपैकी एक दारिद्र्यरेषेखाली होता. आणि हे एकट्या फर्ग्युसनचे नव्हे. या शतकात अमेरिकेतील गरिबांची संख्या मध्यवर्ती शहरांपेक्षा उपनगरांत जास्त झाली आहे. बर्जेसची वलये आपल्या जागी आहेत, आतली माणसे मात्र उलटसुलट झाली आहेत.

सीमा आणि तिजोरी

भूगोलाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. लोकसंख्या बदलली, उत्पन्न घटले, मग एवढ्या लहान शहराचा खर्च चालतो कसा? पोलीस, न्यायालय, रस्ते, कचरा सारे स्वतंत्र. मिझुरीत १९८० च्या घटनादुरुस्तीमुळे मतदारांच्या संमतीवाचून कर वाढवता येत नाही. जेथे मोठी दुकाने आहेत त्या शहराला विक्रीकर मिळतो. जेथे नाहीत, तेथे तिजोरी भरण्यासाठी एक सोपा मार्ग उरतो. तो म्हणजे दंड.

९ ऑगस्ट २०१४ रोजी फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण एका गोऱ्या पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्यानंतर अनेक आठवडे निदर्शने झाली, जाळपोळही झाली. त्या पोलिसावर खटला भरण्यास ज्यूरीने नकार दिला आणि केंद्रीय न्यायखात्यानेही त्याच्यावर आरोप ठेवण्याइतका पुरावा नाही असे ठरवले. परंतु त्याच खात्याने मार्च २०१५ मध्ये फर्ग्युसनच्या एकंदर कारभारावर वेगळा अहवाल दिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. त्यात म्हटले होते, की शहराने २०१५ या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात १ कोटी ३२ लाख ६० हजार डॉलर उत्पन्न धरले होते आणि त्यांपैकी ३० लाख ९० हजार डॉलर दंड व न्यायालयीन शुल्कातून मिळतील असे मानले होते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. २०१२ ते २०१४ या काळात शहरात कृष्णवर्णीय ६७ टक्के असताना, पोलिसांनी थांबवलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के, दंडाची चिठ्ठी मिळालेल्यांत ९० टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के होते. दंड भरला नाही की न्यायालयात तारीख, तारीख चुकली की आणखी दंड आणि वॉरंट. अशी नव्वद शहरे एका काउंटीत शेजारीशेजारी. मुलगी पाटी पाहून गाडीचा वेग का कमी करते, ते आता मला समजले.

आणि दोन-तृतीयांश रहिवासी असून कारभारात कृष्णवर्णीय का नव्हते? २०१४ साली सहा नगरसेवकांत एकच कृष्णवर्णीय होता, पन्नासांवर पोलिसांत अवघे चार. याचे एक कारण वेळापत्रकात आहे. नगरपालिकेची निवडणूक एप्रिलमध्ये, राष्ट्रीय निवडणुकांपासून अलग होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये सुमारे बारा टक्केच मतदान झाले होते. घर भाड्याचे, सतत बदलणारे, नोकरी दूर. अशा माणसाला हे शहर आपले आहे असे वाटायलाच वेळ लागतो. एप्रिल २०१५ मध्ये मतदान तीस टक्क्यांच्या आसपास गेले आणि कृष्णवर्णीय नगरसेवक तीन झाले. २०१६ मध्ये शहराने पोलीस व न्यायालयाच्या सुधारणांचा करार केंद्रीय न्यायखात्याशी केला. जून २०२० मध्ये एला जोन्स या नगराध्यक्षपदी निवडून आल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व पहिल्या महिला.

समारोप

मी गेलो त्या रविवारी फर्ग्युसन शांत होते. चर्च सुटले होते, एक आजोबा हिरवळ कापत होते. मी नकाशा हातात घेऊन उभा राहिलेला पाहून त्यांनी विचारले, काय शोधता? मी सांगितले, भूगोलाचा प्राध्यापक आहे, भारतातून आलो आहे, गाव पाहतो आहे. ते म्हणाले, "टीव्हीवर जो रस्ता पाहिलात तो एकच रस्ता आहे. आमच्या गावात रस्ते पुष्कळ आहेत." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवले. लोकसंख्येच्या तक्त्यात या आजोबांचा एक आकडा आहे, पण त्यांनी चाळीस वर्षे येथे का काढली हे तक्त्यात नाही.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला नकाशावरील रेषेचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. परंतु आपण मोठ्या रेषांचीच चर्चा करतो. लहान रेषा आपल्या नजरेतून सुटतात. आपल्या शहरात छावणीचा कारभार अनेक दशके वेगळ्या मंडळाकडे राहिला, महानगरपालिकेची हद्द एका ठिकाणी संपते आणि हिंडलगा-कंग्राळीसारखी गावे तिला लागून आहेत. रेषेच्या अलीकडे नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि पलीकडे किती, कर कोठे किती, गटार कोणाचे, शाळा कोणाची? हे प्रश्न फर्ग्युसनइतकेच भूगोलाचे आहेत. २०२१ ची आपली जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे आपण अजून २०११ च्याच आकड्यांवर बोलत असतो. अशा वेळी जुने आकडे नव्या परिस्थितीला लावण्याची चूक सहज होते. ती मी स्वतः केली आहे.

म्हणून यंदा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी बर्जेसची वर्तुळे काढून दाखवीन, पण नोट्स उतरवून देणार नाही. प्रत्येकाने आपल्या घरापासून निघून एका दिशेने तासभर चालावे, जेथे कारभार बदलतो तेथे वहीत खूण करावी आणि दोहो बाजूंच्या चार-चार घरी विचारून काय फरक आढळला तो लिहून आणावा. आणि वहीतले माझ्या पुस्तकाशी जुळले नाही, तर त्याने कात्रण घेऊन आलेल्या त्या विद्यार्थ्यासारखे सरळ माझ्याकडे यावे. या वेळी मी "अपवाद असेल" असे म्हणणार नाही.